कपाटाखालची मांजर

प्राण्यांच्या शेल्टरच्या खिडकीसमोरच्या रांगेत माझ्या पुढे एक नवरा-बायको होते. महिनाभर सांभाळायला नेलेल्या मांजरीचा पहिल्या आठवड्याचा फॉर्म बायकोच्या हातात होता.

“‘मांजर दिलेल्या खोलीत रुळली का?’ काय लिहू?”

“हो लिही.”

“अरे, ती पहिल्याच दिवशी आईंच्या खोलीतून निसटून स्वयंपाकघरात आली. फ्रीजमागून हलत नाही.”

“मग नाही लिही.”

“पुढचं ऐक. ‘रोज कुणी जवळ बसून हळू आवाजात बोलतं का?’”

“बोलतात की! बाबा दोन-दोन तास बोलतात.”

“फ्रीजशी?”

“आईच्या खोलीत, दार लावून. त्यांना वाटतं, मांजर अजून तिथेच कपाटाखाली लपलीय.”

“मग हे बोलणं धरायचं की नाही?”

“मला काय विचारतेस? आई गेल्यापासून ‘हं’च्या पुढे एक शब्द बोलले नव्हते. आता बोलतायत, तर बोलू देत. तू त्यांना काही सांगू नकोस.”

“मी काल सांगितलं.”

“काय? अगं, कशाला?”

“मला कसंतरीच वाटलं रे. मांजर उचलली, दार उघडलं, म्हटलं, बाबा, ही बघा, ही तर बाहेरच होती.”

“मग?”

“म्हणाले, ‘माहितेय मला. तिला घेऊन जा आणि दार लाव. आमचं बोलणं चाललंय.’”



“चला, पुढचे कोण?” खिडकीतून आवाज आला.

“थांबा हो जरा,” बायको म्हणाली. “ एक रकाना राहिलाय.”