वाचवलेली हवा

कुम्हारीच्या बसमध्ये सत्यशीलाचा डोळा लागतो न लागतो, तोच पुढच्या सीटवरचा तरणा कामगार शेजारच्या म्हाताऱ्याजवळ तणतणू लागला.

“भय्याजी, हवा सुकवायच्या ड्रायरमंधलं पाणी निघावं म्हणून मी रोज त्याचा ड्रेनचा नळ उघडतो, अन् माह्यासंगं कामाले असलेला तो प्रवीण रोज बंद करून टाकते! सारं पाणी रंग फवारायच्या हवेच्या लाइनीत जाते. रंगावर फोड येऊन राहिले!”

“कावून बंद करते?”

“फुसफुस आवाज येते ना. म्हणते, हवा वाया जाते.”

“मंग सायबाले सांग, प्रेमानंदा.”

“सायबाले? हवा वाचवली म्हणून सायबानंच त्याले बक्षीस देल्लं. गेटवर दोघायचा फोटो लावला!”

“तरी सांगून पाय.”

“सांगतलं ना! म्हणते, गेटवरून फोटो उतरेपर्यंत ड्रेनले हात लावू नको. तवरोक फोड घासत जा.”