बाई कॉम्प्युटर व्हायच्या

विद्यापीठात लेकीच्या मुलाखतीची वाट बघणाऱ्या शिंपीणबाईंचे कान पुढच्या बाकावर होते. तिथली मुलगी नुकतीच आतून आली होती आणि तिचे मामा तिला विचारत होते.

“काय विचारलं गं?”

“शाळेत कॉम्प्युटर विषय होता का. म्हटलं, विषय होता, कॉम्प्युटर नव्हता.”

“अगं, ते कशाला सांगायचं!”

“मामा, आम्ही वहीत प्रोग्रॅम लिहायचो. बाई कॉम्प्युटर व्हायच्या. लिहू तश्शाच चालायच्या. चुकलं की भिंतीवर धडकायच्या.”

“हसले असतील.”

“छे! एक सर उठले. म्हणाले, मी कॉम्प्युटर, मला दाराबाहेर ने.”

“नेलंस?”

“दार उघडायची ओळ राहिली. धडकले. मग ती घातली.”

“आणि प्रवेश?”

“दिला!”

शिंपीणबाईंना राहवेना. “बाईंना कळवलंस?”

“लगेच, मावशी, बाहेर येता येताच फोन केला. म्हणाल्या, खरा कॉम्प्युटर चुकल्यावर काय करतो, ते बघून मला सांग.”