बाजरीहून बारीक जीव आणि भरतीचं पाणी

आजच्या सोहळ्याचे अध्यक्ष माननीय दिनकरराव, व्यासपीठावरील प्राचार्य महोदय, सत्कारमूर्ती चि. राजेश्री, आणि समोर बसलेल्या पेडगावच्या माता-भगिनींनो, बांधवांनो, सर्वांना नमस्कार.

मी राजेश्रीचा मामा. पालमला शाळेत मराठी शिकवतो. कौतुकाचे दोन शब्द बोलावेत असा आग्रह झाला. कौतुक तर आहेच. पण उद्या ती असेच जीव शोधायला अंदमानला निघाली आहे, आणि खरं सांगतो, मला भीती वाटते आहे.

प्राचार्यांनी सांगितलंच, भाचीनं समुद्रातल्या चपट्या कृमीची नवी जात शोधली. बाजरीच्या दाण्याहून बारीक, अंगातून आरपार दिसणारा जीव. डोक्याशी दोन काळे ठिपके, तेच त्याचे डोळे. तिनं त्याचं वर्णन लिहिलं, जाणकारांनी ते मान्य केलं. फोनवर हे ऐकून आमच्या दाजींनी, म्हणजे राजेश्रीच्या वडिलांनी, येडबांनी, एवढंच विचारलं, "मग त्याला औषध कोणतं पाजायलेत?" हसू नका. मेंढरं पाळणाऱ्याला चपटा जंत ठाऊक असतो तो मेंढीच्या काळजात सापडणारा.

पण हा जीव हाती लागला त्या दिवसाबद्दल इथं कुणी बोललं नाही. कोकणातल्या खडकांवर ओहोटीत ती एकटी शोधत होती. कृमी बाटलीत आला आणि भरती सुरू झाली. मग तिनं काय केलं? लहानपणी दुधनेकाठी मेंढरं राखताना आईनं शिकवलं तेच. आई म्हणजे माझी बहीण, धुरपताताई. ती म्हणायची, "पाणी चढायलंय दिसलं की उंच खडकावर जायचं, अन् उतरंपर्यंत जागचं हालायचं न्हाई." नदीच्या पुराला हे बरोबर आहे. पोर सर्वांत उंच खडकावर जाऊन उभी राहिली. तो खडक रोज भरतीत बुडतो. भरतीच्या वेळा तिला पाठ होत्या हो. पण घाबरलेल्या माणसाला पुस्तक आठवत नाही, आई आठवते.

तिथं कालवं, म्हणजे खडकाला चिकटलेले शिंपले, काढणाऱ्या कमलबाईंनी ओरडून ओरडून तिला खाली उतरवलं. गळ्याएवढ्या पाण्यातून ती आली, बाटलीचा हात वर धरून. मी म्हणालो, "बाटली सोडायची होतीस की गं." तर म्हणाली, "मामा, एकच घावला होता. कोकरू टाकून कुणी येतंय का?"

तेव्हापासून समुद्राचं नुसतं चित्र दिसलं तरी मी पान उलटतो. ताई पहिल्या रांगेत बसली आहे. आपली शिकवण लेकीच्या जिवावर बेतली होती, हे तिला आत्ता कळतंय. ताई, तुझं काही चुकलं नाही. पण घरात ही पोर माझं ऐकत नाही, म्हणून चारचौघांत बोलावं लागलं.

राजेश्री, तिकडेही असा एखादाच जीव सापडेल आणि पाणी चढेल. तेव्हा बाटली टाकशील ना? आईकडे बघून मान हलव. हसू नको गं, मान हलव.

सत्काराच्या सभेत घरचं रडगाणं गायलो, ही चूक आपण पोटात घालावी. आयोजकांनी मला बोलू दिलं, त्यांचा ऋणी आहे. आता मी बसायला हवं. पण अध्यक्ष महाराज, तिनं अजून मान हलवलेली नाही.