सोळाव्या शुक्रवारची कढी

हसू नका, पण माझं संतोषीमातेचं व्रत कढीनं मोडता मोडता राहिलं. सोळावा, म्हणजे शेवटचा शुक्रवार होता, आणि या व्रताला आंबट चालत नाही. मी मनीषनगरला जाऊबाईंकडे गेले होते; त्यांनी टीव्हीवर जुना विनोदी सिनेमा लावला होता. त्यात सगळे एकमेकांच्या तोंडावर केक फेकत होते. भाऊजी हसता हसता असे उसळले, की त्यांच्या वाटीतली कढी थेट माझ्या तोंडावर!

मी ओठ गच्च मिटले.

"लागलं काय वं?" जाऊबाई धावल्या.

मी मान हलवून नळाकडे धावले.

"काहून बोलून नाही राहिली? रागावली काय?"

नळाखाली तीनदा तोंड धुतलं, मगच उघडलं. म्हटलं, "एक थेंब आत गेला नाही. आता तो सीन पुन्हा लावा. फक्त भाऊजी, आधी वाटी खाली ठेवा."