डाव्या हाताच्या गाठी

सासू : दोरी सोड म्हणते ना!

सून : आई, हळू. लोक बघतायत.

सासू : बघू देत! आणखी काय दिसायचं राहिलंय? चौदा वर्षं विणलेला पडदा, आणि माझ्या सुनेनं तो भर बागेत, दोन झाडांच्या मधे, उलटा टांगलाय. गाठी बाहेर, धाग्यांची टोकं लोंबतायत! पाहुणे बोलवावेत आणि खरकटी भांडी पुढ्यात मांडावीत, तसं.

सून : उलटा? अहो, पण मी नऊ वर्षं हीच बाजू बघतेय.

सासू : कुठून बघतेस?

सून : तुमच्या मागे उभी राहून. चहा द्यायला येते तेव्हा.

सासू : अगं बाई माझे! विणणारी बसते ती उलट्या बाजूलाच. सुलटी बाजू भिंतीकडे असते. एवढं कळू नये तुला?

सून : कसं कळणार? मागाला बोट तरी लावू दिलंत का कधी? आणि उतरवलात तेव्हाही घडी तुम्हीच घातलीत, शिवून टाकलीत वरून. मी सोडली ती आज सकाळी, इथे.

सासू : तुझ्या हातात दिली तिथेच चुकलं माझं. गुडघे धड असते तर मीच आले असते सकाळी.

संयोजिका : काकू, नमस्कार! प्रदर्शन माझ्याकडे आहे. केव्हापासून भेटायचं होतं तुम्हाला. बावीस जणांची कामं आहेत बागेत, पण मांडायला आलेले सगळे सकाळपासून इथेच थबकतायत.

सासू : थबकतील नाही तर काय! तमाशा फुकटात मिळतोय.

संयोजिका : तमाशा कसला? या गाठी बघा ना, किती जिवंत वाटतात.

सासू : बाई, तुमच्या त्या तळ्यावर कुणीतरी जाळं पसरलंय. त्यात मासा नाही, आणि खाली चिठ्ठी लावलीय ‘विरह’. तुम्हाला काय, काहीही जिवंत वाटेल. माझा पडदा फिरवून द्या. सुलट्या बाजूला कुंपणाची झाडी तोंड लावून बसलीय.

संयोजिका : तुमची इच्छा असेल तर माणूस पाठवते. दहा मिनिटांचं काम आहे. फाटक दहाला उघडतं, आत्ता पावणेदहा. पण एक विचारू? मधल्या या हातभर पट्ट्यात गाठींची टोकं डावीकडे पडलीत. बाकी सगळीकडे उजवीकडे. मुद्दाम केलंत?

सासू : तुम्ही माणूस बोलावणार होतात ना?

संयोजिका : हो, हो. बोलावते.

(संयोजिका जाते.)

सून : आई.

सासू : गप्प बस. ती शिडी ओढ इकडे.

सून : आई, डावखुऱ्या ताई होत्या.

सासू : मला सांगतेस? माझ्या पोटची पोर ती.

सून : हे म्हणतात, अकरा वर्षांपूर्वी तुम्ही चारचौघांत त्यांना सांगितलंत, डाव्या हाताचं विणकाम माझ्या मागावर चालायचं नाही, उसव सगळं. त्या उठल्या त्या गेल्याच. आणि त्याच दिवशी तुम्ही त्यांचं विणलेलं उसवून जाळून टाकलंत.

सासू : टाकलं. सगळ्या घराला माहीत आहे.

सून : मग हे काय आहे?

सासू : लोकर आहे. हात लावू नकोस, मळेल.

सून : आई...

सासू : उसवायला घेतलं होतं. दोन ओळी काढल्या. फार घट्ट विणायची मेली. निघेना.

सून : निघेना, की तुम्हाला...

सासू : निघेना म्हटलं ना! मग वर विणत गेले. सुलट्या बाजूनं कुणाच्या बापाला कळत नाही कुठे तिचा हात संपला आणि माझा लागला. सुलट्या बाजूनं! म्हणून म्हणते, फिरव.

सून : अकरा वर्षं तुम्ही हे असं मागाच्या खालच्या दांड्याला गुंडाळून ठेवलंत? ह्यांनाही सांगितलं नाहीत?

सासू : सांगून काय करू? आईनं शब्द फिरवला म्हणून गावभर मिरवेल तो. एकदा ‘जाळलं’ म्हटलं की जाळलं.

सून : ताईंनाही तेच माहीत आहे.

सासू : असू दे.

सून : पण आई, त्या आज येतायत.

सासू : कोण?

सून : ताई. मी पत्र टाकलं होतं. दहाला येते म्हणाल्या.

सासू : कुणाला विचारून?

सून : तुम्हाला विचारलं असतं तर?

सासू : तंगडी मोडून हातात दिली असती.

सून : म्हणून नाही विचारलं. रागवा हवं तेवढं, मी ऐकून घेईन. नऊ वर्षांत त्यांचा फोटोसुद्धा बघितला नाही मी. घरात त्यांचं नाव निघालं की तुम्ही उठून मागावर बसता. मला वाटलं, निदान पडदा तरी बघतील.

सासू : काय लिहिलं होतंस? आई मरायला टेकलीय असं?

सून : नाही. लिहिलं, पडदा पुरा झाला.

सासू : आणि ती काय म्हणाली?

सून : एकच विचारलं. माझं जाळलं, त्या जागी आईनं काय विणलं?

सासू : मग? तू काय कळवलंस?

सून : मला ठाऊक नव्हतं. मी लिहिलं, येऊन बघा.

संयोजिका : काकू, माणूस आलाय शिडी घेऊन. फिरवायचा ना? फाटकाशी लोक जमलेत, लवकर सांगा.

सून : आई? सांगा ना काहीतरी.

सासू : सांगते. जरा उसंत दे की! हे बघा बाई, पडदा फार वर टांगलाय तुमच्या माणसानं.

संयोजिका : म्हणजे फिरवायचा नाही?

सासू : फिरवा म्हटलं का मी? खाली घ्या म्हटलं. आणि तू, ती आल्यावर मला काही विचारू नकोस म्हणावं तिला. मी तिकडे त्या जाळ्यापाशी बसते.

संयोजिका : किती खाली घेऊ काकू?

सासू : तो मधला पट्टा माझ्या डोळ्यांसमोर येईल इतका. ती माझ्याएवढीच आहे.