कोरडा शर्ट

ज्याने कुणी मोबाईलवरचं हवामान काढलं, त्याने जन्मात स्वतःची बॅग भरलेली नाही. रासायनिक खतांविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेत नोकरी हवी होती, म्हणून पुण्याला मुलाखतीला निघालो होतो. मोबाईल सकाळी ऊन दाखवायचा, दुपारी पाऊस, संध्याकाळी दोन्ही. तीनदा बॅग भरली, तीनदा उपसली आणि थकून आईपुढे टाकली.

"त्या मोबाईलचं काय ऐकायलास?" म्हणत तिने माझा एकुलता एक बरा शर्ट प्लास्टिकमध्ये गुंडाळला. "आता आभाळ फाटू दे, थेंब आत जायचा न्हाई."

पुण्यात उतरलो तर धो धो पाऊस. बॅगेतलं सगळं भिजलं, शर्ट तेवढा कडकडीत कोरडा. संस्थेत पोचल्यावर घाईघाईत ओल्या अंगावर चढवला आणि उग्र वास नाकात गेला. आईचं ते प्लास्टिक म्हणजे युरियाच्या गोणीतलं अस्तर होतं!

तसाच आत गेलो. युरियाने जमीन कशी मरते, यावर तळमळीने बोललो. समोरचे तिघे हळूहळू खुर्च्या मागे सरकवत होते. तेवढ्यात चहा घेऊन आलेल्या मावशींनी माझ्याजवळ येऊन नाक मुरडलं.

"दादा, कापसाला युरिया टाकून थेट इकडंच आलात जणू!"