जाळ्याची चौकट

मी मूळची हेदवीची. नाव सुलभा, पण माहेरी ते कुणी घेतलं नाय, बाय म्हणायचे सगळे. बापूस आंब्याच्या पेट्या ठोकायचा. हंगामात खळ्यात ओल्या फळ्यांचा वास, सुक्या गवताचा वास, आणि दिवसभर हातोडी, त्या आवाजातच मी दुपारची झोपायची, आता सांगितलं तर खरं वाटायचं नाय. उरलेल्या पट्ट्यांच्या मी डबुल्या करायची, जत्रेतले काचेचे मणी ठेवायला. सोनं आमच्याकडे कुठलं, काय सांगू तुमाला, ताई, पण ते मणी मी लुगड्याच्या मऊ तुकड्यात असे निजवायची की कुणाला वाटावं राणीचेच हायत. आवस म्हणायची, बाय, तू घालतेस कमी नि ठेवतेस जास्त. खरंच व्हतं ते.

लग्न होऊन हर्ण्याला आले. घरात सासू, आमचे हे, धाकटा दीर आणि त्याची बायको कुसुम. दोघे भाऊ मासेमारीला जायचे, पण वेगवेगळ्या बोटींवर. कुसुमच्या कानात लाल खड्याच्या कुड्या असायच्या, खोट्याच, दिरानं बाजारातनं आणलेल्या, पण ती हसली की तिच्याआधी त्या हसायच्या.

मग एका वर्षी दर्यात वारं सुटलं. बाकीच्या बोटी परतल्या, दिराची नाय आली. माणूस डोळ्यांनी बघितला तर रडता येतं, ताई, हा सापडलाच नाय, मग रडायचं कुणापुढे? सासू म्हणायची, अंगावरचं काय काढू नको गो पोरी, येईल तो. शेजारणी म्हणायच्या, आता काढ, बरं दिसत नाय. एक दिवस कुसुमनं आपणहून कुड्या काढल्या, बिस्किटाच्या डब्यात घातल्या, डबा माळ्यावर टाकला. नवऱ्याचं जुनं जाळं ओढत नेलं नि पडवीच्या कोपऱ्यात लोटून दिलं. त्यानंतर ती बोलायची म्हणजे काय, मीठ दे, पाणी तापलंय, एवढंच. सासू वाट बघता बघता गेली, तरी हिचं तेच.

वर्षं गेली. माझी पोरगी मोठी झाली, तिची कानातली सगळी एका डब्यात, एकमेकीत अडकलेली, एक हाताला लागलं तर जोडीचं दुसरं मिळायचं नाय. म्हटलं थांब, काय तरी करूया. आंब्याच्या पेटीच्या चार पट्ट्या घेतल्या, चौकट ठोकली. मधे काय लावू, काय लावू, तर पडवीत ते जाळं. जरा धड तुकडा बघून कापला, धुतला, उन्हात वाळवला, ताणून बसवला चौकटीवर, भोकाभोकात कानातली अडकवली. खाली बांगड्यांना कळकाची काठी. अंगठ्यांना करवंटी, तिच्यात लुगड्याच्या वळकट्या घट्ट बसवल्या, दोन वळकट्यांच्या मधे अंगठी खोचायची. चौकट टांगली खिडकीत. वारा आला की कानातली हलायची, आणि समोरच्या भिंतीवर उजेडाचे बारके मासे फिरायचे. मी आपली बघतच बसले, भात खाली लागला तरी मला कळलं नाय.

तेवढ्यात कुसुम आली. उभी राहिली. जाळ्यात एका ठिकाणी निळ्या धाग्याची गाठ व्हती, तिच्यावर बोट ठेवलं नि म्हणाली, ही त्यानं मारलेली. मी म्हटलं, तू टाकलंवतंस गो. तर म्हणाली, टाकलं म्हणून काय कापायचं? आणि खालीच बसली. मला वाटलं आता ही उठायची नि चौकट फोडायची. ती म्हणते कशी, गाठ मारताना जीभ बाहेर काढायचा, लहान पोरासारखा. आणि हसली. हसता हसता रडली. मग जे बोलायला लागली, भिंतीवरचं ऊन उतरून गेलं तरी बोलतेच हाय, मी नुसती हूं हूं करत व्हते.

शेवटी म्हणाली, माळ्यावरचा डबा काढ.

कुड्या काळ्या पडल्यावत्या. आमसुलाच्या पाण्यात घासल्या, त्या गाठीजवळ अडकवल्या. घातल्या नाय तिनं. जाता-येता नुसता हात लावायची. आणि एकदा संध्याकाळी मासळीच्या लिलावाला निघालो, बघते तर कानात कुड्या. बंदरावर एकीनं विचारलंच, काय गो कुसुम, कुणासाठी? कुसुम म्हणाली, माझ्या कानांसाठी. आणि पुढे होऊन सुरमईला बोली लावली. मी टोपली घेऊन तिच्या मागे.

आता पोरगी सासरी, पोफळी गावाला. दुपारी आमी दोघी दारात चहा घेऊन बसतो. समोर दर्या निवांत, लांब काय तरी पांढरं दिसतं. कुसुम म्हणते बोट हाय, मी म्हणते ढग. कोण खरं ते बघायला आमी उठत नाय. असूंदे. दर्यावर असतील त्या सगळ्यांना देव किनाऱ्याला लावो, आणि ताई, तुमालापण सुखरूप घरी पोचवो.